कूलरला दरवर्षी करंट येतो: कुठून शोधायचं आणि कुठे थांबायचं

उन्हाळा लागला की नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूरकडे माळ्यावरचे पत्र्याचे कूलर खाली उतरतात आणि आठ-पंधरा दिवसांत आम्हा वायरमन लोकांचे फोन वाजायला लागतात. "भाऊ, कूलरला करंट मारतोय." यातले बरेच फोन गेल्या वर्षीच्याच घरांतून येतात. गेल्या वर्षी पंप बदलला, करंट गेला, सगळे निश्चिंत झाले. यंदा परत तेच. पंप खराब झाला होता हे खरं, पण त्या घरात दुसराही एक दोष होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

लक्षणं

पत्र्याला बोट घासलं गेलं की मुंग्या येतात. चप्पल घातली की लागत नाही, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की जोरात लागतो.

फक्त पंखा चालू असेल तर काही नाही, पंप सुरू केला की करंट येतो. म्हणजे पहिला संशय पंपावर किंवा त्याच्या वायरवर.

टाकीत पाणी भरताना किंवा पाण्यात हात घातल्यावर झटका बसतो.

कूलर खिडकीला टेकवलेला आहे आणि करंट खिडकीच्या ग्रिलला किंवा ग्रिलला बांधलेल्या कपड्यांच्या तारेला लागतो. हे लक्षण फार वाईट. ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईला कूलरचा संशयसुद्धा येत नाही.

दोन पिनांचा प्लग उलटा करून घातला की करंट कमी होतो. लोक यालाच उपाय समजतात आणि प्लगवर पेनाने खूण करून ठेवतात. हा उपाय नाही, गळती अजून तिथेच आहे.

कूलरचं बटण बंद आहे, तरी पत्र्याला करंट आहे. याची दोन कारणं असू शकतात, त्यांतलं एक पुढे सविस्तर येईल, कारण त्यात कूलरचा काहीच दोष नसतो.

कूलर लावला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच, पडते. हे लक्षण मात्र चांगलं. तुमचं संरक्षण काम करतंय.

यांतलं काहीही दिसलं तर आधी बोर्डावरचं बटण बंद करा, कोरड्या हाताने प्लग काढा आणि दोष सापडेपर्यंत कूलर लावू नका. पत्र्याला हाताची पाठ लावून "बघू, अजून आहे का" असं करू नका. कोणी चिकटलं असेल तर त्याला धरून ओढू नका. मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने माणसाला वेगळं करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहा.

करंट लागायला दोन दोष लागतात

पहिला दोष: कुठेतरी फेज (वीज आणणारी तार) पत्र्याला किंवा पाण्याला टेकतोय. दुसरा: पत्र्यावर आलेली वीज जमिनीत न्यायला अर्थिंग नाही, किंवा आहे ती नावालाच आहे. अर्थिंग धडधाकट असती तर गळती तिकडूनच निघून गेली असती. ती नाही, म्हणून ती तुमच्या अंगातून जाते. पंप बदलला की पहिला दोष जातो, दुसरा तसाच राहतो. पुढच्या वर्षी पंप पुन्हा गळला की पुन्हा शॉक.

"पण एमसीबी आहे ना," असं सगळे म्हणतात. एमसीबी म्हणजे जादा भार आला की पडणारं बोर्डातलं स्विच. माणसाला साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या कळतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. ३० च्या पुढे काही क्षण जरी गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणूस चिकटून मरेपर्यंत तिला काही कळतच नाही. ती वायरिंग जळू नये म्हणून असते, माणसासाठी नसते.

आता तपासणी. स्वस्त आणि सोपं आधी, अवघड नंतर.

१. प्लग, कॉर्ड आणि एक्स्टेंशन बोर्ड

पैसे शून्य, एक स्क्रूड्रायव्हर लागतो. प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

प्लगला तीन पिना आहेत का? वरची जाड, लांब पिन अर्थची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जातो आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतो. दोन पिनांचा प्लग असेल तर पत्र्याच्या कूलरला अर्थ नाहीच, पुढचं काही बघायच्या आधी तो बदला.

तीन पिना दिसल्या तरी प्लग उघडून बघा. एका घरी दर वर्षी पंप बदलायचे. घरच्या काकू म्हणाल्या, "आम्ही चप्पल घालूनच पाणी भरतो, भाऊ." प्लग उघडला तर आत फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) नीट आवळलेले, आणि हिरवी वायर कापून, गुंडाळून, तिच्यावर टेप मारून कोपऱ्यात बसवलेली. अर्थच्या पिनला काहीच जोडलेलं नाही. तीन पिना होत्या, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. कूलर दुरुस्त करणाऱ्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की हिरवी जोडली की "लाइट जाते". आरसीसीबी पडत होती, म्हणून त्याने पत्रा जमिनीपासूनच तोडून टाकला.

एक्स्टेंशन बोर्डही तसाच उघडा. भोकं तीन असतात, पण मधली वायर दोन कोरची, म्हणजे आत दोनच तारा, अर्थची नाहीच. बाजारात असे बोर्ड सर्रास मिळतात. कूलरसाठी तीन कोरची तांब्याची वायर हवी आणि मध्ये जोड नको.

२. पत्र्यावरचा अर्थचा स्क्रू

जुन्या कूलरमध्ये ही जागा मला हमखास सापडते. हिरवी वायर आत येऊन एका स्क्रूने पत्र्याला बसवलेली असते. पत्रा गंजतो म्हणून लोक दर दोन वर्षांनी कूलर रंगवतात, आणि रंग स्क्रूच्या खालीही जातो. वरून सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात वायरची लग (टोकाची धातूची कडी) रंगावर टेकलेली असते आणि रंग वीज नेत नाही.

स्क्रू काढा. पॉलिश पेपरने तिथला पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. लग नवी लावा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि मगच वरून थोडं ग्रीस किंवा रंग. आता मल्टिमीटर ओहमवर ठेवा. चार-पाचशेचा साधा मीटर पुरतो. एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं पत्र्यावर दुसरीकडे जिथे रंग खरवडला आहे तिथे. वाचन १ ओहमच्या आत यायला हवं. मागची झाकणं वेगळी होत असतील तर त्यांवरही बघा. बिजागरी गंजली की झाकण मुख्य सांगाड्यापासून तुटलेलं असतं आणि माणूस नेमका झाकणालाच हात लावतो.

लोखंडी स्टँडही यात धरा. फायबरच्या कूलरला करंट येत नाही असं समजू नका. पाणी, पंप आणि खालचं लोखंडी स्टँड तिथेही असतं.

३. पंप आणि त्याची वायर

पंपाची वायर पत्र्याच्या भोकातून जिथे आत जाते तिथे बोट फिरवा. भोकाला रबरी बुश नसेल तर पत्र्याची कापलेली धार पंख्याच्या थरथरण्याने रोज थोडी थोडी वायर कापत असते. टेप मारलेला जोड कूलरच्या आत असेल तर तो बाहेर काढा. ताट्यांवरून पाणी ठिबकतं तिथे कुठलीच टेप टिकत नाही.

पंपाच्या आत गुंडाळी रेझिनमध्ये बसवलेली असते. टाकीत पाणी कमी झालं आणि पंप कोरडा फिरला की तो तापतो, रेझिनला तडा जातो. मग पाणी आत, करंट बाहेर. आपल्याकडच्या बोअरच्या खारट पाण्यातून तो पत्र्यापर्यंत आरामात पोचतो. तडा गेलेला, क्षार चढलेला किंवा वायर जिथे आत जाते तिथे हलणारा पंप दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या. मल्टिमीटरने पंप "चांगला" दाखवला तरी त्यावर विसंबू नका. मीटर काही व्होल्टवर मोजतो, गळती २३० वर उघड होते. खरी परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणातली गळती तपासणारा मीटर), आणि तो वायरमनकडे असतो.

पंप वेगळा करूनही करंट राहिला तर पंख्याची मोटर, कपॅसिटर, फिरतं बटण. मोटर माळ्यावर पावसाळाभर ओल खाते. ते काम दुकानातच द्या.

४. भिंतीतल्या सॉकेटमध्ये अर्थ आहे का

टेस्टर यासाठी उपयोगाचा नाही. टेस्टरचा दिवा फेज दाखवतो, अर्थ आहे की नाही हे सांगत नाही. शिवाय त्याला लागणारा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की निव्वळ शेजारच्या वायरमुळे आलेल्या व्होल्टेजवरही तो पेटतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजायची सवय असेल तरच पुढचं करा. मीटरच्या पिना टोकापर्यंत झाकलेल्या हव्यात, पायात कोरडी चप्पल, आणि धातूला बोट लागता कामा नये. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास येईल. फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट.

फेज-अर्थ शून्य, किंवा ६०, ९०, ११० असं भटकणारं वाचन आलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे, किंवा भिंतीत घातलीच नव्हती. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस व्होल्ट येत असेल तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे किंवा अर्थ कमकुवत आहे. पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती वेगळ्याच वाचनाची: घरात इस्त्री, गिझर चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० येतं. भार असताना न्यूट्रलवर थोडे तरी व्होल्ट पडायला हवेत. पडत नाहीत, याचा अर्थ बहुतेक वेळा कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा मारलेला असतो. यालाच काही जण "अर्थिंग करून दिली" म्हणतात.

हे करणं म्हणजे घरात मरण ठेवणं आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतो आहे. मे महिन्याच्या वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, किंवा मीटरजवळ जळून सुटला, की घरातल्या चालू उपकरणांमधून फेज त्या न्यूट्रलवर येतो, आणि तुकड्यामुळे तिथून थेट कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर. सगळी उपकरणं निर्दोष आणि सगळ्यांवर २३० व्होल्ट. फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडले गेले असतील तर न्यूट्रल तुटायचीही वाट बघावी लागत नाही. असा तुकडा सापडला तर तो वायरमनकडून काढून घ्या आणि खरी अर्थिंग येईपर्यंत त्या सॉकेटवर पत्र्याचं काहीही लावू नका.

नळाच्या पाइपला अर्थ जोडणं हीही जुनी सवय. पूर्वी जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप जमिनीत लांबवर जायचा. आता मध्ये कुठेतरी पीव्हीसी आलेलाच असतो, मग तो पाइप जमिनीला लागतच नाही. तुमच्या कूलरची गळती शेजाऱ्यांच्या नळाला पोचते.

आता ते बटण बंद असतानाचं कोडं. एक कारण सरळ आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय, म्हणून बंद केल्यावरही आत फेज आहेच. दुसरं कारण असं की घरातल्या सगळ्या सॉकेटच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या आहेत, पण पुढे अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी मुख्य वायर तुटली आहे. मग गिझरच्या कॉइलची गळती हिरव्या वायरीतून फिरत कूलरच्या पत्र्यावर येते. दर वर्षी कूलर उघडून बघतात, त्यात काहीच सापडत नाही. घरातली सगळी जड उपकरणं प्लगमधून काढा आणि एकेक लावत पत्र्याचं व्होल्टेज मीटरवर बघा. ज्याला लावल्यावर आकडा चढतो, तो खरा गुन्हेगार.

५. आरसीसीबी

घरात नसेल तर कूलर दुरुस्तीच्या आधी तीच बसवा, असं मी सांगतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून बघते. फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळतोय, की सेकंदाच्या एका भागात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्या, १०० किंवा ३०० ची माणसासाठी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० ची मर्यादा घातलेली आहे. आयएस १२६४० चा शिक्का बघा. आरसीसीबीला जादा भार कळत नाही, म्हणून एमसीबी सोबत लागतेच.

तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. नाही पडली तर ती मेलेली आहे, बदला. पडली तरी एवढंच कळतं की यंत्रणा चालते. तुमची अर्थिंग चांगली आहे का, हे त्या बटणाने कळत नाही.

आणि वारंवार पडते म्हणून तिला बायपास करायला कोणी सांगितलं तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलावू नका.

६. अर्थिंगचा खड्डा

जुन्या घरांत आणि खेड्यांत खांबावरून फेज आणि न्यूट्रल दोनच तारा येतात, अर्थ आपल्या अंगणातलीच. आयएस ३०४३ या मानकात पाइप अर्थिंगला किमान २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप आणि इमारतीच्या पायापासून १.५ मीटर तरी अंतर सांगितलं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हातभर सळई ठोकलेली दिसते.

काळी माती ओली असताना वीज छान नेते, पण एप्रिल-मे मध्ये ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. म्हणजे कूलर ज्या महिन्यांत चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत खड्डा सगळ्यांत वाईट असतो. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम झाला. फेज पुरता पत्र्याला टेकला तरी २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअरच वाहतील. १६ ची एमसीबी यावर कधीच पडणार नाही आणि पत्रा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर उभा राहील. अर्थिंग "आहे", आरसीसीबी नाही, माणूस मेला. हे याच आकड्यांतून घडतं. रोध ५ ओहमच्या आत आणायचा आमचा प्रयत्न असतो, आणि सोबत आरसीसीबी हवीच.

तुम्ही स्वतः करू शकता ते इतकंच: उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी, आणि वायर पाइपला जिथे आवळली आहे तिथे गंज किंवा तुटलेली तार दिसते का ते बघणं. मीठ ओतत राहू नका, ते पाइप खातं. जुन्या खड्ड्यात वरचा वीतभर पाइप दिसतो आणि खाली काहीच उरलेलं नसतं. नवा खड्डा आणि मोजमाप हे वायरमनचंच काम.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

चौथ्या पायरीत एकही वाचन वेडंवाकडं आलं तर. पत्र्याचा करंट कूलरचा प्लग काढल्यावरही राहिला तर. करंट भिंतीला, नळाला किंवा ग्रिलला असेल तर. आरसीसीबी सगळं काढल्यावरही पडत असेल तर, कारण मग दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. मुख्य बोर्ड उघडायची वेळ आली तर. दिवे अचानक फार प्रखर किंवा मंद व्हायला लागले तर मेन पाडा. बाहेरचा न्यूट्रल सुटला असू शकतो, आणि ते काम महावितरणचं, १९१२ वर तक्रार द्या.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थिंग तपासायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. ती घरी करू नका. अर्थ कमकुवत असेल तर बल्बमधून आलेली वीज त्याच क्षणी घरातल्या प्रत्येक पत्र्यावर चढते, आणि स्वयंपाकघरात फ्रिजला कोणी हात लावलेला असू शकतो.

बोलवाल तो परवानाधारक असू द्या. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाकडे अर्थिंग आणि आरसीसीबी लेखी मागा, ती चैन नाही. काम झाल्यावर तीन आकडे घ्या: मेगरचं वाचन, अर्थ टेस्टरवर आलेले ओहम, आणि आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडली. तारीख घालून ते मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. अर्थचं मोजमाप एप्रिल-मे मध्येच करायला सांगा. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत आलेले ३ ओहम कूलरच्या दिवसांत कामाचे नाहीत.